विद्यापीठीय स्वायत्तता व उत्तरदायित्व (खानदेश)

काय शिकवावे, कोणी शिकवावे, पैसा कुठून आणून कशावर खर्चावा आणि कारभार कोणाच्या हाती सोपवावा, हे ठरवण्याचा विद्यापीठाचा अधिकार म्हणजे स्वायत्तता. या निर्णयांचा जाब समाजाला देण्याची बांधीलकी म्हणजे उत्तरदायित्व. युरोपीय विद्यापीठांच्या संघटनेने गेल्या दीड दशकात देशोदेशींच्या स्वायत्ततेचे मोजमाप करताना शैक्षणिक, आर्थिक, सेवकविषयक आणि संघटनात्मक अशी चार अंगे वेगवेगळी तपासली. खानदेशातील उच्च शिक्षणाला हीच कसोटी लावली, तर एक गोष्ट लख्ख दिसते. येथे स्वायत्तता तुकड्यातुकड्याने मिळाली. अभ्यासक्रम व परीक्षांचा अधिकार खाली आला, पण माणसे नेमण्याचा आणि पैशाचा अधिकार मुंबईत मंत्रालयातच राहिला. जाब मात्र सगळ्याचा विचारला जातो. अधिकाराविना मागितलेले उत्तरदायित्व कागदांचे ढीग वाढवते. त्याने शिक्षण सुधारत नाही, असे प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन आहे.

ही रचना आजची नाही. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. स्वतः शिकवायचे नाही, महाविद्यालये संलग्न करून घ्यायची, परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, असे त्याचे काम होते. कर्झनच्या काळातील १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांवरची सरकारी पकड घट्ट केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात त्याला विरोध केला होता. पुणे विद्यापीठ झाल्यावर खानदेशातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करायला पुण्याला जावे लागत होते, तिथे जळगावजवळच्या बांभोरीपर्यंत जाऊन काम होऊ लागले. गिरणाकाठच्या आणि सातपुड्यातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी ही सोय मोठीच होती. पण विद्यापीठ जवळ आले तरी संलग्नतेचा मूळ साचा तोच राहिला.

तो साचा जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात स्पष्ट दिसतो. चाळीसगाव एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आणि नानासाहेब य. ना. चव्हाण महाविद्यालय अशी दोन जुनी, कला, विज्ञान व वाणिज्य शिकवणारी महाविद्यालये तेथे आहेत. अशा अनुदानित महाविद्यालयाला तीन धनी असतात. इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचे, अभ्यासक्रम व पदवी विद्यापीठाची, पगार शासनाचा. एखाद्या विषयाचा प्राध्यापक निवृत्त झाला की जागा आपोआप भरली जात नाही. कार्यभार तपासून घ्यायचा, आरक्षणाची बिंदुनामावली मंजूर करून आणायची, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयामार्फत ना हरकत मिळवायची, मग जाहिरात, मग विद्यापीठ व शासनाच्या प्रतिनिधींसह निवड समिती. पदभरतीवर वित्त विभागाची बंदी असेल तर पहिल्याच पायरीवर सगळे थांबते. तोवर वर्ग चालतो तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर. नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, कित्येकदा पीएच.डी. असलेला हा शिक्षक तासांवर मानधन घेतो आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्याला माहीत नसते. नंतर राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची, म्हणजे नॅकची, समिती येते आणि पूर्णवेळ शिक्षक किती, संशोधन किती, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण काय, असे विचारते. प्रश्न रास्तच आहेत. पण ज्या प्राचार्याला उत्तर द्यायचे आहे, त्याच्या हातात जागा भरण्याचा अधिकारच नसतो. श्रेणी घसरली तर ती महाविद्यालयाच्या नावावर नोंदवली जाते. जागा अडवून ठेवणाऱ्या खात्याचे मूल्यांकन कोणी करत नाही.

स्वायत्त महाविद्यालय हा यावरचा उपाय मानला जातो. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ही कल्पना मांडली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने ती पुढे नेली. खानदेशात जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय यांनी हा दर्जा घेतला आहे. स्वतःची विद्या परिषद, स्वतःची अभ्यास मंडळे, स्वतःच्या परीक्षा. पदवी मात्र विद्यापीठाची. ही प्रगती खरी आहे. केळी, कापूस आणि ठिबक सिंचनाच्या मुलखात स्थानिक गरज ओळखून अभ्यासक्रम बदलता येणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही चार अंगांपैकी एकच अंग मोकळे झाले आहे. अनुदानित पदे भरण्याची साखळी स्वायत्त महाविद्यालयालाही चुकत नाही.

पैशाचा प्रश्न वेगळा का पाहावा, याचे एक जुने उत्तर चाळीसगाव तालुक्यातच आहे. पाटण (पाटणादेवी) येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला निकुंभ राजा सोईदेव याने दिलेल्या दानाची नोंद आहे. प्रशस्ती संस्कृतात आहे, उत्पन्नाच्या बाबी मात्र त्या काळच्या मराठीत. बाजारात ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर, घाण्यामागे तेल, अशा ठरलेल्या बाबी मठाला तोडून दिल्या होत्या. म्हणजे विद्येचे उत्पन्न दरवर्षीच्या मर्जीवर सोडलेले नव्हते, आणि ते कोणी किती द्यायचे हे देणाऱ्यांच्या भाषेत, सर्वांना दिसेल असे कोरलेले होते. त्या मठाला आजच्या अर्थाने विद्यापीठ म्हणता येत नाही, शिक्षणही मोजक्यांनाच मिळत असणार. पण निश्चित उत्पन्न आणि उघड अटी या दोन गोष्टी एकत्र असल्या की स्वायत्तता टिकते, एवढे त्यातून घेता येते.

यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला, पैसा शासनाचा तर अंकुशही शासनाचाच हवा. ऑस्ट्रियाने २००२ च्या कायद्याने याचे वेगळे उत्तर दिले. तेथे सरकार विद्यापीठाशी तीन वर्षांचा कामगिरी करार करते, रक्कम एकगठ्ठा देते, नेमणुका विद्यापीठ करते आणि दरवर्षी आपल्या कामाचा ज्ञान-ताळेबंद प्रसिद्ध करते. अंकुश राहतो, फक्त तो प्रत्येक जागेच्या फायलीवर न राहता ठरलेल्या उद्दिष्टांवर येतो. दुसरा आक्षेप महाराष्ट्रात अधिक बोचरा आहे. अधिकार खाली दिले तर ते प्राध्यापकांना न मिळता संस्थाचालकांना मिळतील. नेमणुकीत नातीगोती आणि देणगी शिरेल. ही भीती निराधार नाही. सहसंचालकांची ना हरकत आणि बिंदुनामावली यांनी आरक्षणाचे रक्षण केले आहे, हे मान्य करायलाच हवे. हंगेरीत २०२१ पर्यंत बहुतेक सरकारी विद्यापीठे विश्वस्त मंडळांकडे सोपवली गेली. त्या मंडळांवर सत्ताधाऱ्यांशी जवळीक असलेली माणसे बसल्याने डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने अशा संस्थांना नवा निधी देणे थांबवले. कागदावरची स्वायत्तता हाती कोणाच्या जाते, हे म्हणूनच पाहावे लागते. मात्र या भीतीवरचा उपाय भरती बंद ठेवणे हा नाही. आरक्षण कायद्याने बांधलेले ठेवावे, उमेदवारांचे गुण आणि निवडीची कारणे प्रसिद्ध करावीत, निवड समितीत विद्यापीठाबाहेरचे विषयतज्ज्ञ बहुमतात असावेत. त्यानंतर जागा केव्हा भरायची हे मंत्रालयाने ठरवू नये. तिसरा आक्षेप शुल्काचा. आर्थिक स्वायत्तता म्हणजे विनाअनुदानित अभ्यासक्रम आणि वाढीव फी, असा अनुभव आहे. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी मुलीच्या दृष्टीने तो खराच आहे. म्हणून येथे आर्थिक स्वायत्तता म्हणजे मिळणारे अनुदान खर्चण्याचे स्वातंत्र्य, अनुदानातून शासनाची सुटका नव्हे, हे कायद्यातच लिहिलेले हवे.

कारभाराच्या अंगात महाराष्ट्राजवळ एक चांगले साधन आधीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार अर्थसंकल्पावर अधिसभेचा अधिकार आहे आणि समाजाचे म्हणणे विद्यापीठापर्यंत पोहोचवणे हेही तिचेच काम आहे. तिच्यात प्राचार्य, अध्यापक, व्यवस्थापनांचे प्रतिनिधी आणि नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले सदस्य बसतात. चाळीसगावचा पदवीधर शेतकरी किंवा दुकानदार विद्यापीठाला प्रश्न विचारू शकतो तो याच वाटेने. डेन्मार्कने २००३ मध्ये निवडून येणारे कुलगुरू काढून बाहेरच्या सदस्यांचे बहुमत असलेली मंडळे आणली; निर्णय वेगवान झाले, पण अध्यापकांचा आवाज क्षीण झाल्याची तक्रार तेथे आजही आहे. आपल्याकडे ओढाताण वेगळ्या जागी झाली. डिसेंबर २०२१ मध्ये उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारे आणि कुलगुरू निवडीत सरकारला पुढे आणणारे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले. २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ते मागे घेण्याचे ठरले. सूत्रे कुलपती असलेल्या राज्यपालांकडे की मंत्र्यांकडे, एवढ्यापुरताच तो वाद चालला. कुलगुरू निवडीत अधिसभेचे स्थान काय, हा प्रश्न कोणी लावून धरला नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने संलग्नता पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. चाळीसगाव, पाचोरा, शिरपूर, शहादा येथील महाविद्यालयांना त्या वेळी स्वतःची अभ्यास मंडळे आणि परीक्षा विभाग उभे करावे लागतील. ज्या विभागात एकच कायम प्राध्यापक उरला आहे, तेथे अभ्यासक्रम आखणारा, प्रश्नपत्रिका काढणारा आणि उत्तरपत्रिका तपासणारा एकच माणूस असेल, आणि त्याच्या कामावर नजर ठेवणारे दुसरे कोणी नसेल. त्यामुळे क्रम उलटा लागतो: आधी मंजूर जागा भरणे, मग परीक्षेचा अधिकार, आणि पदवी देण्याचा अधिकार सर्वांत शेवटी.