संप्रेरके, अंडाशय आणि अर्बुद : एका उपपत्तीचा इतिहास

इ. स. १९०५ मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम योजला. चालना देणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो घडविलेला होता. मराठी परिभाषेत त्यास ‘संप्रेरक’ हा प्रतिशब्द रूढ झाला. त्यातही ‘ईर्’ हा गत्यर्थक धातूच आहे. परंतु भाषाभ्यासकाच्या समाधानापलीकडे या शब्दात एक प्रश्न दडलेला आहे : प्रेरणा देणारा कोण आणि घेणारा कोण? अंडाशयातील पेशींची वाढ व तिचे कर्करोगात होणारे पर्यवसान यांविषयीच्या विचाराचा इतिहास म्हणजे बव्हंशी या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास होय.

चरकसंहितेत ‘रक्तगुल्म’ हा केवळ स्त्रियांना होणारा विकार वर्णिला असून त्याचा संबंध आर्तवाशी जोडला आहे. गर्भाशी त्याचे साम्य इतके, की दहावा महिना उलटल्यावरच चिकित्सा करावी असे तेथे सांगितले आहे. या निरीक्षणाची सूक्ष्मता मान्य करावी. मात्र त्यात आधुनिक अंतःस्रावशास्त्राचे पूर्वरूप शोधणे म्हणजे इतिहासाशी केलेली थट्टाच ठरेल.

१८९५ मध्ये ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रीची अंडाशये काढून टाकली, तेव्हा अर्बुद ओसरले असे त्यांस आढळले. येथे अंडाशय हे प्रेरणा देणारे इंद्रिय ठरले. ते स्वतःही मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या अधीन आहे, हे कळावयास आणखी तीस वर्षे जावी लागली.

या दोहोंमधील देवघेव बिघडली तर काय घडते, हे १९४४ मध्ये अमेरिकेतील बिस्किंड बंधूंच्या प्रयोगाने दाखविले. अंडाशये काढलेल्या उंदरांच्या प्लीहेत त्यांनी अंडाशयाचे कलम केले. प्लीहेतून निघालेले रक्त प्रथम यकृतात जाते व यकृत स्त्रीमदजन निष्प्रभ करते. म्हणून अंडाशय काम करीत असूनही त्याची वार्ता पोष ग्रंथीला पोचत नाही. उत्तर न आल्यामुळे ती अधिकाधिक जोराने आज्ञा सोडीत राहते आणि कलम केलेल्या अंडाशयात कालांतराने अर्बुद निर्माण होते. एक अंडाशय जागचे जागी ठेवले तर मात्र असे घडत नाही, हे पुढील प्रयोगांत दिसले. कोणतेही विषारी द्रव्य न देता, केवळ निरोपाचा मार्ग बदलून रोग उत्पन्न झाला, हे या प्रयोगाचे मर्म.

महाराष्ट्रात या विचाराची प्रयोगशाळा परळ येथे उभी राहिली. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले; तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परळला परतल्या. त्यांचे कार्य अंडाशयावर नव्हे, मुख्यतः उंदरांच्या स्तनार्बुदावर होते, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु विषाणू, आनुवंशिक प्रवृत्ती आणि संप्रेरके या तिहींचा परस्परसंबंध तपासण्याची त्यांची पद्धत आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. त्यांच्या ‘पहिलेपणा’चे गोडवे आपण पुष्कळ गातो, त्यांच्या प्रश्नाकडे त्या मानाने लक्ष थोडे.

१९७१ मध्ये इजिप्तचे महमूद फतल्ला यांनी वेगळेच उत्तर सुचविले. प्रत्येक बीजमोचनाच्या वेळी अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो, तो सांधण्यासाठी पेशी विभागतात, आणि या अखंड डागडुजीत चुकीला वाव मिळतो. गर्भारपण व संततिनियमनाच्या गोळ्या या दोहोंत बीजमोचन थांबते. २००८ मध्ये ४५ अभ्यासांतील २३,२५७ रुग्ण स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा गोळ्या जितकी अधिक वर्षे घेतल्या तितका धोका कमी, असे दिसून आले. पण या पुराव्यावर दोन्ही पक्ष हक्क सांगतात, कारण गोळ्यांनी पोष ग्रंथीची प्रेरणाही मंदावते. उलटपक्षी, ऋतुनिवृत्तीनंतर दिलेल्या संप्रेरकांनीही ती मंदावते, तरी त्या उपचाराने धोका थोडा वाढतो असे २०१५ मधील विश्लेषण सांगते. केवळ पोष ग्रंथीला दोषी धरणाऱ्या मतास हे अडचणीचे आहे.

माझ्या मते वाद अपुरा राहतो तो एकाच नावाखाली अनेक रोग कोंबल्यामुळे. प्रौढ स्त्रियांच्या कणिकामय पेशींच्या अर्बुदांत जवळजवळ सर्वत्र फॉक्सएल-२ या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते, हे २००९ मध्ये आढळले. ही अर्बुदे पुष्कळदा स्वतःच स्त्रीमदजन स्रवतात, म्हणजे आज्ञा घेणाराच आज्ञा देऊ लागतो. दुसरीकडे, सर्वांत घातक अशा प्रकाराचा उगम पुष्कळदा अंडाशयात नसून बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी असतो, असे २००१ पासूनच्या संशोधनातून दिसत आले आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचे नावच, निदान अंशतः, चुकीच्या पत्त्यावर लिहिलेले आहे!

नावांचा हा प्रश्न गडचांदूरसारख्या ठिकाणी निराळे रूप घेतो. येथे मराठीच्या जोडीने गोंडी, कोलामी व तेलुगू कानी पडतात. पाठ्यपुस्तकांत अंडाशय, अंडकोश, बीजांडकोश असे तीन शब्द आहेत. पैकी मधला बोलीत पुरुषाच्या अवयवास लागतो. स्त्री मात्र ‘पोटात गोळा आहे’ एवढेच म्हणते, आणि त्यात वायूपासून अर्बुदापर्यंत सर्व काही सामावते. पोट फुगणे, थोड्या खाण्याने भरणे, ही या रोगाची आरंभीची लक्षणेही तितकीच मोघम. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला; पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी या चारही भाषांत ‘गोळा’, ‘पाळी’ व ‘कूस’ यांचे पर्याय, आणि ते कोण कोणापाशी उच्चारते याची नोंद, परिचारिकांच्या साहाय्याने करावी अशी माझी सूचना आहे. आरंभ कोलामीपासून व्हावा.