पद्मिनीचे धरलेले ब्रेक

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. पन्नासच्या दशकातल्या मॉडेलला लोक लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढे १९७४ मध्ये गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. नांदेड-लातूरकडेही ती प्रतिष्ठेची गाडी होती.

अशी गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की आधी ब्रेक धरतात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. सिलिंडरला आतून गंज चढतो, पिस्टन जागीच बसतो, शू ड्रमला चिकटतात. सराईत मिस्त्री ड्रमवर घण घालत नाही. शू सैल करून कडेने हलके ठोकतो. गंजाने खड्डे पडलेला सिलिंडर घासून वापरणे धोक्याचेच, तो बदलावा. रबरी किट आणि होजही नवेच हवेत.

ज्यांच्या शेडमध्ये पद्मिनी उभी आहे, त्यांनी इंजिनाआधी ब्रेक उघडावेत.