सिस्टिम फोल्डरमधला बारभाई कारभार

१९९०च्या दशकात विंडोजसाठी प्रोग्राम लिहून विकणाऱ्यांच्या वाट्याला एक तक्रार हटकून येत असे. प्रोग्राम काल व्यवस्थित चालत होता, आज सुरूच होत नाही. ग्राहकाने त्याला हातही लावलेला नसे. मध्यंतरी घडलेले असे ते एवढेच, की त्याच संगणकावर कुणीतरी दुसराच प्रोग्राम इन्स्टॉल केला होता: एखादा खेळ, प्रिंटरचे सॉफ्टवेअर, नवा ब्राउझर. या दुखण्याला त्या काळात ‘डीएलएल हेल’ हे नाव पडले आणि ते अजून टिकून आहे. त्याचा इतिहास सांगताना साधारणपणे दोघांपैकी एकावर ठपका ठेवला जातो. एक तर मायक्रोसॉफ्टने विंडोजची रचनाच गलथानपणे केली, किंवा मग इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांनी आळस केला. दोन्हींत तथ्य आहे, पण मूळ कारण तिसरेच होते असे मला वाटते. ते मालकीचे होते. अनेकांच्या उपयोगाची फाइल एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवली होती, ती बदलण्याची मुभा सगळ्यांना होती आणि बदलाचा जाब मात्र कुणालाच द्यावा लागत नव्हता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतले उपाय पाहिले, तर ज्यांनी मालकी ठरवून दिली ते टिकले आणि ज्यांनी ती तशीच मोघम ठेवली ते फसले, असे दिसते.

वाटून घेण्याची कल्पना मुळात चुकीची नव्हती. नोव्हेंबर १९८५मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा ती २५६ किलोबाइट मेमरी आणि दोन फ्लॉपी ड्राइव्ह असलेल्या यंत्रावर चालणे अपेक्षित होते. खिडकी काढणे, अक्षरे दाखवणे, मेनू उघडणे या कामांचा कोड प्रत्येक प्रोग्रामने स्वतःबरोबर बाळगला असता, तर एका वेळी दोन प्रोग्राम चालवण्याची भाषाच बोलायला नको होती. म्हणून असा कोड वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे डायनॅमिक लिंक लायब्ररीत (डीएलएलमध्ये) ठेवायचा आणि गरज पडेल तेव्हा सर्वांनी तिथून घ्यायचा, अशी सोय पहिल्यापासूनच होती. काटकसरीची ही रचना त्या काळच्या विंडोजमध्ये फार खोलवर मुरलेली होती. १६-बिट विंडोजमध्ये एका नावाचे मोड्यूल सबंध यंत्रात एकदाच चढत असे. दोन प्रोग्रामांनी आपापल्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या वेगवेगळ्या प्रती ठेवल्या, तरी जो आधी सुरू झाला त्याची प्रत मेमरीत जायची आणि दुसऱ्यालाही तीच वापरावी लागायची. म्हणजे शहाणपणाने स्वतःची प्रत वेगळी ठेवणाऱ्यालाही संरक्षण नव्हते. ग्राहकाने सकाळी कुठला प्रोग्राम आधी उघडला यावर दुपारी कुठला बिघडणार हे ठरत असे, आणि असा दोष प्रोग्रामरच्या स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवणे जवळजवळ अशक्य होते.

तरीही सुरुवातीला हे निभावले, कारण विंडोजवर प्रोग्राम लिहिणारे थोडे होते आणि सामाईक फायली बहुतेक मायक्रोसॉफ्टच्याच होत्या. १९९१मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि चित्र पालटले. तयार कंट्रोल विकत घ्यायचे, फॉर्मवर ठेवायचे, चार ओळी लिहायच्या आणि कामाचा प्रोग्राम तयार, अशी वाट हजारो लोकांना मोकळी झाली. हिशेबाची, साठ्याची, दवाखान्याच्या नोंदींची असंख्य सॉफ्टवेअर या वाटेने आली. त्यांतले प्रत्येक आपल्या फ्लॉपींवरून व्हीबीरन३००.डीएलएलसारखी रनटाइम फाइल आणि विकत घेतलेली कंट्रोल्स विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाकत असे. पुढे प्रोग्रामचे सुटे घटक एकमेकांना जोडण्याच्या कॉम या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने त्यात आणखी एक पेच घातला. प्रत्येक घटकाला १२८ बिटांचा ओळखक्रमांक मिळाला आणि तो घटक कुठल्या फाइलमध्ये आहे याची नोंद रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत झाली. पण एका क्रमांकापुढे पत्ता एकच मावतो. त्यामुळे शेवटी ज्याने नोंद केली त्याचीच फाइल सर्वांना लागू. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा न्याय रजिस्ट्रीत शब्दशः चालला. जाहीर झालेला इंटरफेस कधीही बदलायचा नाही, हा कॉमचा नियम होता आणि तो शहाणपणाचा होता. मात्र इंटरफेस तोच ठेवून आतली वागणूक बदलली, तर ते पकडणारी कुठलीही यंत्रणा नव्हती.

बिघाड प्रत्यक्षात कसा दिसत असे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. व्हिज्युअल सी++ मध्ये लिहिलेला एखादा प्रोग्राम घेऊ. त्याच्या एक्झी फाइलमध्ये कुठल्या डीएलएलमधले काय लागते याची यादी असते. मायक्रोसॉफ्टच्या एमएफसी४२.डीएलएल या सामाईक लायब्ररीतली फंक्शने त्या यादीत नावाने नव्हे, तर क्रमांकाने नोंदलेली असत. नव्या आवृत्तीत फंक्शने वाढली की क्रमांकही वाढत. आता दुसऱ्या कुणाच्या इन्स्टॉलरने त्या फाइलवर तिचीच जुनी प्रत चढवली, की विंडोजचा लोडर यादीतला क्रमांक शोधायचा, तो मिळायचा नाही, आणि अमुक ऑर्डिनल एमएफसी४२.डीएलएलमध्ये सापडत नाही अशी सूचना पडद्यावर यायची. प्रोग्रामरच्या कोडची पहिली ओळही चाललेली नसायची. त्याने कितीही काळजीपूर्वक त्रुटी हाताळल्या असोत, लॉग लिहिण्याची सोय केलेली असो, तिथवर पाळी येतच नसे. म्हणूनच या काळात दोषनिवारणाची साधनेही वेगळ्या जातीची झाली. डिपेंडन्सी वॉकर हा प्रोग्राम एक्झी न चालवता तिची यादी वाचायचा आणि कुठली फाइल कुठून उचलली जाते, कुठले फंक्शन हरवले आहे, हे झाडासारख्या आकृतीत लाल खुणांनी दाखवायचा. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सची फाइलमॉन आणि रेगमॉन ही साधने चालू प्रोग्राम कुठली फाइल मागतो आणि रजिस्ट्रीत काय शोधतो ते क्षणाक्षणाला टिपायची. दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने ही साधने त्यांच्या कर्त्यांसह आपल्याकडे घेतली. ही साधने प्रोग्रामच्या आत डोकावण्याऐवजी त्याच्या भोवतालच्या यंत्राची तपासणी करत, हे मला महत्त्वाचे वाटते. दोष कोडमध्ये नसून शेजारात आहे, हे कामाच्या माणसांनी सिद्धान्ताआधीच ओळखले होते.

यावर पहिला आक्षेप असा, की नियम होतेच, ते पाळले गेले नाहीत. हे खरे आहे. फाइलची आवृत्ती तपासून नव्यावर जुनी चढू न देणारी फंक्शने विंडोज ३.१मध्ये उपलब्ध होती. अनेक इन्स्टॉलर ती न वापरता सरळ फाइल कॉपी करत, आणि त्यांचा दोष नाकारण्याचे कारण नाही. पण सगळ्यांनी नियम पाळले असते तरी प्रश्न सुटला नसता. नवी आवृत्ती जुनीची जागा बिनबोभाट घेऊ शकते, हे गृहीतच लंगडे होते. प्रोग्राम लिहिणारा कागदावरच्या वर्णनावर विसंबतो तसाच प्रत्यक्ष वागणुकीवरही विसंबतो, कित्येकदा नकळत. ‘सिमसिटी’ या खेळाची गोष्ट यासाठी प्रसिद्ध आहे. तो खेळ मेमरी परत केल्यावरही लगेच तिच्यातूनच वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये हे खपून जाई, विंडोज ९५मध्ये खपेना. तेव्हा मायक्रोसॉफ्टने हा खेळ ओळखून त्याच्यापुरती मेमरी वेगळ्या रीतीने हाताळणारा कोड घातला. एका खेळासाठी हे करता येते, जगभरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी नाही. आणि नियमांनी मालकीचा प्रश्न किती टांगता ठेवला होता, हे पाहायचे तर प्रोग्राम काढून टाकतानाची ती चौकट आठवावी. कुठली सामाईक डीएलएल किती प्रोग्राम वापरतात याची मोजणी रजिस्ट्रीत असे. मोजणी शून्यावर आली की पडद्यावर विचारणा होई: ही फाइल आता कुणी वापरत नाही असे दिसते, काढू का? ती फाइल बनवणारी कंपनी, ती आणून ठेवणारा इन्स्टॉलर आणि विंडोज या तिघांनाही ज्याचे उत्तर देता येत नव्हते, तो प्रश्न दुकानातल्या कारकुनापुढे ठेवला जात होता. यात त्या कारकुनावर सरळ अन्याय होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. युनिक्स जगातही सामाईक लायब्ररी होत्या. तिथे फाइलच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक घालण्याची रीत पडली, आणि विसंगत आवृत्त्या शेजारी शेजारी नांदल्या. विंडोजला हे का जमले नाही? आठ अक्षरी नावांची मर्यादा हे एक कारण, पण ते अपुरे आहे, कारण मायक्रोसॉफ्टने हा प्रयत्न केला होता. एमएफसी३०, एमएफसी४०, एमएफसी४२ ही नावे त्याचीच साक्ष देतात. मात्र व्हिज्युअल सी++च्या ४.२, ५ आणि ६ या तिन्ही आवृत्त्यांनी एमएफसी४२ हेच नाव कायम ठेवले आणि आतला माल बदलत नेला. रीत होती, पण ती पाळण्याची सक्ती करणारे कुणी नव्हते. लिनक्सच्या वितरणांमध्ये ती सक्ती असते, कारण तिथे हजारो पॅकेजेस एकाच छताखाली जमवून, एकमेकांशी जुळवून दिली जातात. विंडोजवरचे सॉफ्टवेअर हजारो स्वतंत्र विक्रेत्यांकडून, एकमेकांना न विचारता, थेट ग्राहकाच्या यंत्रावर येत होते. तेव्हा फरक तंत्राचा कमी आणि कारभाराचा जास्त होता.

उपायांकडे या दृष्टीने पाहिले की त्यांचे यशापयश उलगडते. विंडोज ९५ने महत्त्वाच्या फायलींच्या प्रती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवल्या. इन्स्टॉलरने मूळ फायलींवर जुन्या प्रती चढवल्या, तर नंतर त्या दुरुस्त होत. ही मलमपट्टी होती. खरे वळण फेब्रुवारी २०००मध्ये विंडोज २०००ने घेतले. विंडोजच्या स्वतःच्या फायली कुणी बदलल्या, तर त्या तत्काळ पूर्ववत करणारा पहारा त्यात बसवला गेला. त्या बदलण्याचा अधिकार सर्व्हिस पॅकसारख्या मायक्रोसॉफ्टच्याच अधिकृत मार्गांना उरला. एमएसव्हीसीआरटी.डीएलएल ही वर्षानुवर्षे भांडणाचे मूळ झालेली सी-रनटाइम अखेर विंडोजच्या मालकीची झाली, आणि व्हिज्युअल सी++च्या पुढच्या आवृत्त्यांची रनटाइम वेगळ्या नावाने, प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवण्याची शिफारस झाली. हे तुझे, हे माझे, असे पहिल्यांदाच स्पष्ट झाले.

त्यानंतरचा विंडोज एक्सपीतला उपाय बुद्धीने अधिक देखणा होता आणि व्यवहारात अधिक त्रासाचा ठरला. एका खास फोल्डरमध्ये एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या ठेवायच्या आणि प्रत्येक प्रोग्रामने मॅनिफेस्ट नावाच्या चिठ्ठीत आपल्याला नेमकी कुठली हवी ते लिहायचे. प्रत्यक्षात ही चिठ्ठी कम्पायलर आपोआप लिहीत असे आणि प्रोग्रामरला तिचा पत्ताही नसे. जुलै २००९मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २००५साठी सुरक्षेची एक दुरुस्ती आली. ज्यांच्या यंत्रावर ती बसली, त्यांनी नंतर बनवलेले प्रोग्राम रनटाइमची ८.०.५०७२७.४०५३ ही आवृत्ती मागू लागले. ग्राहकांकडे ७६२ने संपणारी आधीची आवृत्ती होती. कोडची एक ओळही न बदलता प्रोग्राम चालेनासे झाले आणि संदेश एवढाच, की प्रोग्रामचे कॉन्फिगरेशन चुकीचे आहे, पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. त्यानंतर व्हिज्युअल स्टुडिओ २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने सी++ रनटाइमपुरती ही पद्धत सोडून दिली. अनेक आवृत्त्या जपण्याची सोय झाली तरी त्यांतली निवड कुणाच्या जबाबदारीवर, हे मोघम राहिल्याने ती फसली, असा माझा निष्कर्ष आहे.

मराठी वाचकाला या इतिहासाशी थेट नाते सांगणारी एक फाइल आहे, यूएसपी१०.डीएलएल. देवनागरीतली जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची पडद्यावरची जुळणी ती करत असे. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल हा फॉन्ट आला तो तिच्याच भरवशावर. मायक्रोसॉफ्ट ऑफिस या फाइलची स्वतःची प्रत बाळगत असे, त्यामुळे एकाच यंत्रावर, त्याच फॉन्टमध्ये, तोच मजकूर ऑफिसमध्ये एका रीतीने आणि इतर प्रोग्रामांत दुसऱ्या रीतीने जुळवला जाऊ शकत होता. फॉन्ट बदलून पाहणाऱ्याला याचा उलगडा होणे शक्य नव्हते. नवी प्रत सिस्टिम फोल्डरमध्ये टाकावी तर पहारा ती काढून जुनी परत ठेवी. प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली तर तेवढ्यापुरते काम होई.

आता सर्वांत कठीण आक्षेप. ज्याची प्रत त्याच्याजवळ, ही व्यवस्था सुरक्षिततेला मारक आहे, कारण सामाईक फाइल एकदा दुरुस्त केली की सगळे सुरक्षित होतात. सप्टेंबर २००४मध्ये याचा पुरावाच मिळाला. जीडीआयप्लस.डीएलएलमध्ये असा दोष सापडला, की मुद्दाम बिघडवलेले जेपीईजी चित्र उघडताच हल्लेखोराचा कोड चालू शकेल. या फाइलच्या प्रती कितीतरी प्रोग्रामांच्या खासगी फोल्डरांत विखुरलेल्या होत्या. विंडोज अपडेट त्या सर्वांपर्यंत पोहोचू शकत नव्हते, आणि मायक्रोसॉफ्टला त्या शोधणारे वेगळे साधन द्यावे लागले. मी हा आक्षेप मान्य करतो, पण तो मालकीच्या मुद्द्याला छेद देत नाही. खासगी प्रतीची जबाबदारी विक्रेत्याची, हे २००४मध्येही स्पष्टच होते. ग्राहकापर्यंत दुरुस्ती पोहोचवण्याचा रस्ता बहुतेक विक्रेत्यांकडे नव्हता. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी चित्रांच्या लायब्ररीत तसाच गंभीर दोष निघाला, तेव्हा क्रोम, फायरफॉक्स आणि इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या डेस्कटॉप प्रोग्रामांना आपापली प्रत स्वतंत्रपणे दुरुस्त करावी लागली. ज्यांच्याकडे स्वयंचलित अपडेट होते त्यांचे ग्राहक लवकर सुटले. विंडोज १०पासून सी-रनटाइमचा मोठा भाग पुन्हा विंडोजचाच घटक झाला आहे आणि विंडोज अपडेटमधून दुरुस्त होतो. तिथे वाटून घेणे सुरक्षित आहे, कारण मालक एकच आहे. ज्या विक्रेत्यांनी दुकान बंद केले त्यांच्या प्रोग्रामांच्या फोल्डरांत मात्र जुन्या प्रती तशाच पडून आहेत, आणि व्हिज्युअल बेसिक ६ची रनटाइम मायक्रोसॉफ्ट आजही विंडोजबरोबर देत असल्यामुळे त्यांतले कित्येक प्रोग्राम अजून रोज उघडले जातात.