कंत्राटदाराचा विमा: कोणती पॉलिसी कशासाठी?

सोसायटीच्या इमारतीला रंग देणारा, फ्लॅटचे नूतनीकरण करणारा किंवा वायरिंग-प्लंबिंगची कामे घेणारा छोटा कंत्राटदार बहुधा एकल मालकीवर धंदा करतो. कायद्याच्या दृष्टीने तो आणि त्याचा धंदा वेगळे नसतात. त्यामुळे परांची कोसळून कामगार दगावला, तर भरपाईचा बोजा थेट त्याच्या खासगी बचतीवर आणि मालमत्तेवर येऊ शकतो. सर्व जोखमींना पुरणारी एकच पॉलिसी बाजारात नाही. म्हणूनच प्रत्येक पॉलिसी काय देते आणि काय देत नाही, हे जाणून निवड करणे हिताचे ठरते.

कामगारांच्या भरपाईचा विमा

हाताखाली दोन-चार माणसे असली तरी या विम्याला अग्रक्रम द्यावा. कामावरील अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी १९२३च्या कायद्याने मालकावर टाकली. त्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघाताचाही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, तिच्यात समावेश आहे.

कामगाराचा मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. तिसाव्या वर्षासाठी हा गुणक २०७.९८ आहे. हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली. १५,००० रुपये वेतन धरल्यास भरपाई १५,५९,८५० रुपये होते. ती देण्यास विलंब झाल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड विमा कंपनी सहसा भरत नाही. व्याजाबाबत पॉलिसीतील अट तपासावी.

हप्ता वर्षभराच्या एकूण मजुरीवर आणि कामाच्या स्वरूपावर ठरतो. हप्ता वाचवण्यासाठी मजुरी किंवा कामगारांची संख्या कमी दाखवल्यास दाव्याच्या वेळी ती बचत अंगाशी येते. पोटकंत्राटदाराची माणसे आणि औषधोपचाराचा खर्च यांचा उल्लेख पॉलिसीत स्वतंत्रपणे करून घ्यावा.

कामाचा आणि यंत्रांचा विमा

बांधकामाचे मोठे काम हाती असल्यास 'काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी उपयुक्त ठरते. आग, पूर, वादळ, चोरी किंवा काम कोसळणे यांमुळे अपुऱ्या बांधकामाचे व साहित्याचे होणारे नुकसान हा तिचा पहिला भाग आणि त्रयस्थांची हानी हा दुसरा. ती एका विशिष्ट कामापुरती असते आणि काम ताब्यात देईपर्यंत चालते. नाव 'ऑल रिस्क' असले, तरी जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा, झीज आणि सदोष आराखडा दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या कक्षेबाहेर राहतात.

विमा रक्कम कामाच्या पूर्ण मूल्याइतकी हवी. ४० लाखांच्या कामाचा विमा ३० लाखांचाच उतरवला आणि नुकसान ४ लाखांचे झाले, तर त्याच प्रमाणात ३ लाख रुपये मंजूर होतात आणि त्यातूनही ठरलेली वजावट होते.

मिक्सर, लिफ्ट, ब्रेकर यांसाठी वेगळी वार्षिक पॉलिसी मिळते. तिच्यात अपघाती नुकसान मिळते, मात्र यंत्र आपोआप बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च मिळत नाही. एका ठिकाणच्या गोदामातील किंवा दुकानातील ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तिच्यात विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी असली तरी दाव्यात कपात होत नाही. घरफोडीसाठी मात्र वेगळा विमा घ्यावा लागतो.

त्रयस्थांची हानी आणि व्यावसायिक चूक

पाइप फुटून खालच्या मजल्यावरील फर्निचर भिजले किंवा वरून पडलेल्या विटेने वाटसरू जखमी झाला, तर सार्वजनिक दायित्व विमा कामी येतो. आपण केलेले सदोष वॉटरप्रूफिंग पुन्हा करण्याचा खर्च मात्र त्यातून मिळत नाही. आराखडा किंवा सल्ला देणाऱ्यांसाठी 'प्रोफेशनल इंडेम्निटी' विमा असतो. तो बहुधा दावा दाखल होण्याच्या तारखेवर चालतो, म्हणून नूतनीकरणात खंड पडू देऊ नये.

स्वतःचे काय?

कामगारांची पॉलिसी मालकाला लागू होत नाही. स्वतःसाठी वैयक्तिक अपघात विमा आणि आरोग्य विमा हवाच. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये भरून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २ लाखांचे संरक्षण देते. परंतु अपघातानंतर अंथरुणात गेलेल्या आठवड्यांचे उत्पन्न तिच्यात मिळत नाही. त्यासाठी तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक लाभ देणारी पॉलिसी निवडावी.

निवडीचा क्रम

एकट्याने काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने वैयक्तिक अपघात, आरोग्य आणि सार्वजनिक दायित्व यांना प्राधान्य द्यावे. माणसे लावून काम करणाऱ्या रंगकाम कंत्राटदाराला यांबरोबर कामगारांचा विमा आवश्यक आहे. उंचीवरील काम पॉलिसीत मान्य आहे ना, हेही त्याने पाहावे. इमारतीचे काम घेणाऱ्याने त्यात 'ऑल रिस्क' आणि यंत्रांचा विमा जोडावा. दरपत्रकांची तुलना करताना केवळ हप्ता न पाहता वजावट, अपवाद आणि प्रत्येक घटनेमागील मर्यादा शेजारी-शेजारी मांडाव्यात.

अपघात होताच कंपनीला लेखी कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि हजेरीपट जपून ठेवावा. दाव्याबाबत तक्रार असल्यास प्रथम कंपनीकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे जाता येते. एकल मालकीच्या धंद्यांना व सूक्ष्म उद्योगांना हा मार्ग खुला असून त्यासाठी शुल्क लागत नाही. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा देऊ शकतात. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत.