तालमीवर बंदी आली तेव्हा

आमच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी मराठी नाटक व्हायचे. महिनाभर रोज रात्री तालीम. एका मास्तरांकडे प्रॉम्प्टिंगचे काम असे. अख्खे नाटक त्यांना तोंडपाठ. कोण कुठे अडखळणार, हेसुद्धा त्यांना आधीच ठाऊक असे. एका वर्षी ऐन जत्रेच्या दिवशी एक नट तापाने आडवा झाला आणि मास्तरांना रंग लावून उभे केले. शब्द एकही चुकला नाही, पण सगळी वाक्ये विंगेतून सांगावीत तशी, एका सुरात! लोक हसले. मास्तर पुन्हा कधी नाटकाच्या वाटेला गेले नाहीत.

मला मोटारींच्या शर्यतींचा नाद आहे. कारकुनाला हा कसला शौक, असे ऑफिसातले मित्र विचारतात. पण २००९ साली टीव्हीवर लुका बादोएर नावाच्या इटालियन ड्रायव्हरला पाहिले आणि मला आमचे मास्तरच आठवले. त्याची गोष्ट म्हणजे फॉर्म्युला वनमधल्या ‘टेस्टिंग’चा इतिहासच आहे.

शर्यतीची गाडी एकदा बांधली की संपले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती मोसमभर बदलत असते. फेरारीने १९७२ साली मारानेल्लोच्या कारखान्याशेजारी फियोरानो येथे सुमारे ३ किलोमीटरचा स्वतःचा ट्रॅक बांधला. १९८८ साली मुजेल्लोचा मोठा ट्रॅकही विकत घेतला. कारखान्यात नवा भाग तयार झाला की तो गाडीला लावायचा, गाडी पळवून बघायची, टिकला तर पुढच्या शर्यतीत वापरायचा. २००१ ते २००६ या काळात ब्रिजस्टोन आणि मिशेलिन या टायर कंपन्यांची चुरस होती. रबराचे नवनवे मिश्रण तपासण्यासाठी गाड्या अक्षरशः रात्रंदिवस घोळवल्या जात. मोठ्या संघांकडे तर टेस्टिंगसाठी वेगळी माणसे, वेगळ्या गाड्या, वेगळे ट्रक असत. मायकल शूमाकरने २००० ते २००४ अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली, त्यामागे या अखंड तालमीचा मोठा हात होता.

या तालमीतला न दिसणारा माणूस म्हणजे बादोएर. १९९९ साली शूमाकरचा पाय मोडला तेव्हा आपल्याला गाडी मिळेल असे त्याला वाटले असणार. फेरारीने मिका सालोला बोलावले. त्याच वर्षी न्युरबुर्गरिंगला मिनार्डीसारख्या गरीब संघाची गाडी घेऊन तो चौथ्या क्रमांकावर धावत होता. शर्यत संपत आली असताना गिअरबॉक्सने दगा दिला. गाडीशेजारी बसून तो रडला. त्यानंतर दहा वर्षे तो फेरारीसाठी टेस्टिंगच करत राहिला.

मग खर्चाचा प्रश्न आला. आधी वर्षाला ३०,००० किलोमीटरची मर्यादा घातली गेली. २००८च्या अखेरीस जगभर मंदी आली, डिसेंबरमध्ये होंडाने फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतले, आणि त्याच महिन्यात ठरले की २००९पासून मोसम सुरू झाल्यावर टेस्टिंग बंद! त्याच वर्षी गाड्यांचे नियमही पार बदलले होते. होंडाच्या उरलेल्या संघातून उभ्या राहिलेल्या ब्रॉन संघाने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. मागे पडलेल्यांना नेहमीच्या पद्धतीने गाडी सुधारून तपासायची सोयच उरली नव्हती.

जुलैमध्ये हंगेरीला पुढच्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग डोक्याला लागून फेलिपे मासा गंभीर जखमी झाला. निवृत्त शूमाकरने त्याच्या जागी यायची तयारी दाखवली आणि नव्या गाडीत एक दिवस सराव मागितला. विल्यम्ससह काही संघांनी नकार दिला. त्यांचा मुद्दाही खरा होता : एकोणीस वर्षांच्या हाइमे अल्गेरसुआरीला सरावाशिवाय उतरावे लागले होते, मग नियम नावाप्रमाणे बदलणार का? शूमाकरने दोन वर्षे जुनी गाडी चालवून पाहिली, पण मानेच्या जुन्या दुखापतीमुळे माघार घेतली. अखेर बादोएरची पाळी आली. वय ३८!

व्हॅलेन्सियाला तो पात्रता फेरीत सर्वांत मागे, शर्यतीत १७वा. बेल्जियमला पुन्हा सर्वांत मागून सुरुवात, शेवटी १४वा. आणि बेल्जियमची ती शर्यत जिंकली कोणी? त्याच फेरारीत बसलेल्या किमी राइकोनेनने! दुसरा आला आपल्या फोर्स इंडियाचा फिसिकेला. लगेच फेरारीने बादोएरला बसवले आणि फिसिकेलाला घेतले. पण त्या गाडीत फिसिकेलालाही उरलेल्या पाच शर्यतींत एकही गुण मिळाला नाही.

वर्तमानपत्रांनी बादोएरची टर उडवली. मला मात्र ते अन्यायाचे वाटले. ज्याचे पोट तालमीवर होते, त्याची तालीम नियमाने बंद केली आणि मग त्याला थेट रंगमंचावर ढकलले. तरी नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. फाइलींमध्ये आयुष्य गेलेला माणूस आहे मी. चांगला नियमही कुणाच्या तरी मानेवर पडतो, हे रोज पाहतो. पुढच्याच वर्षी, २०१०मध्ये, आपला करुण चंढोक बहारीनला थेट पात्रता फेरीतच नव्या गाडीत पहिल्यांदा बसला. त्याच्या गरीब संघाची गाडी त्याआधी तयारच झाली नव्हती. बंदी गरिबांच्या भल्यासाठी म्हणून आली खरी, पण गरिबांची अडचण काही संपली नाही.

पुढे २०१३मध्ये मर्सिडीजने पिरेली टायरसाठी बार्सिलोनाला चालू गाडीने गुपचूप टेस्टिंग केले आणि ठपका ओढवून घेतला. २०१४ ते २०१९ मोसमातले टेस्टिंग थोडेफार परतले, २०२०पासून पुन्हा गेले. दरम्यान पैसा सिम्युलेटर आणि विंड टनेलकडे वळला. मग त्यांनाही मर्यादा आल्या. आता विजेत्या संघाला विंड टनेलचा वेळ सर्वांत कमी आणि शेवटच्याला सर्वांत जास्त मिळतो. हा नियम मला मनापासून पटतो.

बादोएरच्या नावावर आजही एक विक्रम सांगतात : सर्वाधिक शर्यती धावून एकही गुण न मिळवण्याचा. शूमाकरच्या गुणांत त्याने तपासलेल्या टायरचे, ब्रेकचे किती गुण आहेत, याचा हिशेब मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.

आमचे मास्तर आता नाहीत. जत्रेला नाटक मात्र अजून होते. पडदा वर जातो तेव्हा माझी नजर आधी विंगेकडे जाते.