खंदकातले सैनिक आणि ओले पाय: युद्धात दिसलेले आजार, मावळातला पावसाळा

खंदक म्हणजे आडोशासाठी जमिनीत खणलेला खोल चर. पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) लाखो सैनिक अशा चरांत राहिले. तळाशी पाणी, अंगावर ओले कपडे, उवा, उंदीर, अपुरे अन्न आणि तुटक झोप हे त्यांचे रोजचे जगणे होते. त्यातून जडलेले काही आजार आजही दिसतात. मावळ-लोणावळ्याच्या पावसाळ्यात त्यांतले दोन विशेष लक्षात ठेवावे लागतात: ओल्या पायांचे आजार आणि लेप्टो.

आपल्या भागातले सैनिक

खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल इथे लढल्या. 'सहावी पूना डिव्हिजन' मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा या गावी तुर्की फौजेने या डिव्हिजनला ७ डिसेंबर १९१५ पासून वेढले. २९ एप्रिल १९१६ ला तिला शरण जावे लागले. या काळात जानेवारीत तैग्रिस नदीला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्याने भरले. थंडी, चिखल आणि उपासमार एकाच वेळी सोसावी लागली.

खंदकपाय म्हणजे काय?

पाय थंड पाण्यात किंवा ओल्या बुटात तासन् तास राहिला की त्याच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तपुरवठा कमी पडतो, नसांना इजा होते. यासाठी बर्फ लागत नाही. १० ते १५ अंश तापमानातही हे होऊ शकते.

आधी पाय थंड, पांढरट आणि बधिर होतो. ऊब मिळाल्यावर तो लाल होतो, सुजतो, आग होते. पुढे फोड येतात. दुर्लक्ष झाल्यास मांस काळे पडून सडते आणि बोटे कापावी लागू शकतात. या युद्धात हजारो सैनिक गोळी न लागताही केवळ पायांमुळे निकामी झाले. मग फौजेने पाय पुसणे, कोरडे मोजे घालणे आणि रोज पाय तपासणे सक्तीचे केले. त्याने रुग्ण बरेच कमी झाले.

मावळात काय दिसते?

आपल्याकडे पावसाळ्यात इतकी थंडी नसते, त्यामुळे खरा खंदकपाय क्वचितच होतो. पण भातलावणीत दिवसभर खाचरात उभे राहिल्याने दोन त्रास होतात.

- चिखल्या: बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, मऊ होते, चिरते, खाजते. बहुतेक वेळा बुरशीचा संसर्ग असतो.
- तळवा भिजणे: सलग दोन-तीन दिवस ओल्यात राहिल्यास तळवा पांढरा, सुरकुतलेला होतो आणि खड्यांवरून चालल्यासारखा दुखतो. व्हिएतनाम युद्धात भातशेतांतून फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांनाही हाच त्रास झाला होता. पाय कोरडे ठेवले तर तो सहसा काही दिवसांत बरा होतो.

राजमाची किंवा लोहगडावर ओल्या बुटांत दिवसभर चालणाऱ्यांनीही ही लक्षणे ओळखावीत.

घरी काय करावे?

1. कामावरून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुवा. बेचक्यांसह कोरडे पुसा.
2. रात्रभर पाय कोरडे आणि मोकळे ठेवा. ओले मोजे घालून झोपू नका.
3. गमबूट वापरत असाल तर आतले पाणी काढून रोज वाळवा. आत पाणी साठलेला गमबूट म्हणजे लहानसा खंदकच.
4. बधिर पाय शेकोटीजवळ नेऊ नका, कढत पाण्यात बुडवू नका, जोराने चोळू नका. चटका बसला तरी कळत नाही. कोरड्या कापडात गुंडाळून हळूहळू ऊब द्या.
5. चिखल्यांवर बुरशीचे मलम डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावा. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. दुकानातून स्वतःच आणलेली स्टेरॉईड मिसळलेली मलमे टाळा. त्यांनी तात्पुरते बरे वाटते, पण बुरशी पसरते.

मधुमेह असेल तर पायाची संवेदना आधीच कमी झालेली असू शकते. अशा आई-वडिलांचे तळवे घरातल्या कोणीतरी रोज उजेडात पाहावेत.

उंदीर आणि लेप्टो

खंदकांत उंदरांचा सुळसुळाट असे आणि सैनिकांना ताप येऊन कावीळ होई. त्यातला एक आजार लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या किंवा जनावरांच्या लघवीतले जंतू पाण्यातून पायाच्या चिरांवाटे शरीरात शिरतात. म्हणून चिखल्या म्हणजे या जंतूंसाठी उघडे दार. खाचरात काम केल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर 'साधा पावसाळी ताप' समजून थांबू नका. लवकर सुरू केलेली प्रतिजैविके चांगली लागू पडतात. उशीर झाल्यास मूत्रपिंड आणि फुप्फुसे बिघडू शकतात. डॉक्टरांना शेतातल्या कामाबद्दल आवर्जून सांगा.

उवा, अन्न आणि मन

कपड्यांतल्या उवांमुळे सैनिकांना 'खंदकताप' येई. तो दर पाच दिवसांनी उलटे आणि नडगी दुखे. कपडे उकळणे हा त्यावर मोठा उपाय होता.

कुतच्या वेढ्यात भाजीपाला संपला. बहुसंख्य भारतीय सैनिकांनी बराच काळ घोड्याचे मांस नाकारले. त्यांना 'क' जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाला: हिरड्यांतून रक्त, अशक्तपणा, न भरणाऱ्या जखमा. ब्रिटिश सैनिक मांस खात असल्याने त्यांना स्कर्व्ही कमी झाला, पण पांढऱ्या पिठामुळे बेरीबेरी झाला. भारतीयांच्या कोंड्यासह दळलेल्या आट्यात 'ब१' जीवनसत्त्व असल्याने ते त्यातून वाचले. आवळा, पेरू, लिंबू आणि न चाळलेले पीठ आजही तितकेच उपयोगी आहे.

तोफांचा मारा आणि झोपेचा अभाव यांनी अनेकांची मने खचली. थरथर, भीतीदायक स्वप्ने, बोलणे बंद होणे याला तेव्हा 'शेल शॉक' म्हणत. काही ठिकाणी भित्रेपणाही म्हणत. तो आजार होता. घरातला जवान रजेवर किंवा निवृत्तीनंतर झोपत नसेल, दचकत असेल, दारू वाढली असेल तर त्याला नावे ठेवू नका. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

डॉक्टरांकडे त्वरित कधी जावे?

- पाय कोरडा करून ऊब दिल्यावरही बधिर, पांढरा किंवा निळसर राहिला
- फोड, काळे डाग, दुर्गंध किंवा वर चढणारी लाली दिसली
- मधुमेही व्यक्तीच्या पायाला कोणतीही जखम झाली
- पाण्यातल्या कामानंतर ताप आला
- कावीळ, लघवी कमी होणे, धाप किंवा खोकल्यातून रक्त दिसले तर थेट रुग्णालयात