बुलेटच्या पोटातलं जड चाक

आजचा एपिसोड एका चाकाबद्दल आहे, पण हे चाक रस्त्याला लागत नाही.

आधी कुंभार आठवा. काठीने चाक गरागरा फिरवतो, काठी बाजूला ठेवतो, तरी चाक फिरतच राहतं. कारण ते जड असतं. इंजिनातलं फ्लायव्हील हेच काम करतं. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत पेट्रोल एकदाच पेटतं. उरलेले तीन स्ट्रोक पिस्टनला ओढून नेतं ते हे चाक. १७८० च्या दशकात जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनावर यंत्रं फिरवली, तेव्हा त्यालाही धक्के पचवायला असंच भलंमोठं चाक लागलं होतं.

आता भारतात येऊ. १९५० च्या दशकात आपल्या सैन्याने गस्तीसाठी ३५० सीसी बुलेट निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी उभी राहिली. त्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. क्रँककेसमध्ये दोन जड लोखंडी चकत्या. म्हणूनच ती गाडी कमी आरपीएमवरही गचके न खाता, धुगधुग करत घाट चढायची.

१९८५ मध्ये आली यामाहा आरएक्स १००. सीसी फक्त ९८, पण टू-स्ट्रोक. म्हणजे प्रत्येक फेरीला पेट्रोल पेटणार, मग जड चाक हवंय कशाला? मूठ पिळली की गाडी सुटली! कॉलेजची पोरं वेडी झाली ती या पिकअपवर.

इथेच एक गैरसमज होतो. चाक हलकं केलं म्हणजे इंजिनाची ताकद वाढली, असं नाही. फ्लायव्हील म्हणजे घरातला गल्ला. पैसे कमावत नाही, साठवतो आणि अडीअडचणीला परत देतो. गल्ला लहान केला तर हातात पैसे पटकन येतात, पण अडचणीला काही उरत नाही. फरक जाणवतो तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. टॉप स्पीड होती तेवढीच राहते.

म्हणून वडिलांची जुनी बुलेट ‘पिकअपसाठी’ लेथवर चढवण्याआधी थांबा. चकत्या कोरल्या, तर सिग्नलवर गाडी बंद पडेल, चढावर सारखा क्लच दाबावा लागेल. बॅलन्स बिघडला, तर बेअरिंगही जाईल. आणि ती संथ धुगधुग? तिच्यामागेही याच लोखंडाचं वजन आहे. एकदा कोरलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, मंडळी.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर गाडी जपून चालवा!